मार्गे सिद्धार्थनगर

अनघाबाई लोणावळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांना बसगाड्यांचं वेड वगैरे काही नव्हतं. त्यांच्या वडिलांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, शाळांच्या सहली, गावोगावच्या पंगती, सगळीकडे ते कॅमेरा घेऊन जायचे. ते गेल्यावर तुंगार्लीच्या घरात निगेटिव्हचे अकरा डबे उरले. बाईंनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते एकेक करून स्कॅन करायला घेतले आणि त्यातला एक फोटो फेसबुकवर टाकला. भुशीला सहलीला आलेली पोरं रांगेत उभी आहेत आणि मागे एक लाल एसटी आहे, असा तो फोटो. पोरांना कुणीच ओळखलं नाही. पण त्या एसटीला मात्र दोन दिवसांत सात जणांनी ओळखलं. कुणी तिची बांधणी सांगितली, कुणी तिच्या खिडक्यांच्या गजांवरून साल सांगितलं, आणि एकाने तर लिहिलं की या गाडीच्या मागच्या चाकावरच्या सीटवर बसून मी चार वर्षं कॉलेजला गेलो, अजून पाठ दुखते.

असे हे लोक. मावळातल्या जुन्या एसट्यांचा त्यांचा व्हॉट्सॅप ग्रुप होता, बेचाळीस जणांचा. त्यात एक बँकेतले साहेब होते, ते घाटात पहिला गिअर टाकल्यावर गाडी कशी कण्हायची तो आवाज तोंडाने काढून पाठवायचे. कामशेतच्या एक वहिनी होत्या, त्यांना टपावरून दुधाचे कॅन उतरवतानाचा खणखणाट आठवायचा. एकाने भंगारातून आणलेला हॉर्न घरी जपून ठेवला होता आणि दर दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालायचा. या सगळ्यांत पक्का म्हणजे समर्थ. हा तळेगावच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होता, वय असेल अडतीस. त्याच्याकडे नऊ वह्या होत्या. कुठली गाडी कुठल्या साली आली, कुठल्या मार्गावर धावली, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं. त्यानेच अनघाबाईंना ग्रुपमध्ये घेतलं. बाईंना त्यातलं फारसं कळायचं नाही, पण वडिलांच्या फोटोंच्या मागे उभ्या असलेल्या गाड्यांवर माणसं एवढा जीव टाकताना पाहून त्यांना बरं वाटायचं.

मग गेल्या वर्षी त्या एका फोटोवरून वाद झाला.

फोटो होता तळेगावच्या स्टँडवरचा, एकोणनव्वद सालचा. मुंडावळ्या बांधलेले नवरा-नवरी आणि पंधरा-वीस वऱ्हाडी एसटीसमोर उभे होते. गाडीच्या कपाळावर पत्र्याची पाटी होती: ‘तळेगाव – सुदुंबरे, मार्गे इंदोरी, सिद्धार्थनगर’. समर्थने त्याच्याकडची जुनी वेळापत्रकं काढून पाहिली. सिद्धार्थनगर नावाचा थांबा त्या मार्गावर कधीच नव्हता. एका वर्षीही नाही. त्याने ग्रुपवर सरळ लिहून टाकलं की शेवटचा शब्द कुणीतरी मागाहून कॉम्प्युटरवर घातलेला दिसतो, आणि असे फोटो इथे टाकू नयेत.

बाईंना ते लागलं. त्यांनी एकच ओळ लिहिली, “माझ्या वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्यांना कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नव्हता.”

पुढच्या रविवारी समर्थ भिंग घेऊन तुंगार्लीला हजर झाला. बाईंनी चहा विचारला नाही, आधी निगेटिव्ह हातात दिली. त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहत राहिला. अक्षरं तिथे होती, अगदी ठळक.

“चुकलं माझं, मॅडम,” तो म्हणाला. मग बाईंनी चहा टाकला.

चहा पिता पिता बाईंनी त्याला एक गोष्ट दाखवली. गाड्यांमधलं त्यांना कळत नसलं तरी अक्षरांमधलं कळत होतं. वडिलांच्या फोटोंमध्ये त्यांना एकाच हाताच्या सतरा पाट्या सापडल्या होत्या. लोणावळा, पवनानगर, खांडी, शिरगाव, गावं वेगवेगळी, पण हात एक. त्या माणसाचा ‘ळ’ दोन्हीकडून सारखा गोल असायचा आणि शिरोरेघ टोकाला किंचित वर उचललेली. सिद्धार्थनगरही त्याच हाताचं होतं. म्हणजे ज्याने ‘तळेगाव’ लिहिलं त्यानेच ‘सिद्धार्थनगर’ लिहिलं होतं, त्याच दिवशी, त्याच रंगात. समर्थने इतकी वर्षं गाड्यांचे नंबर पाहिले होते. पाटी कुणीतरी हाताने लिहिते हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

त्या माणसाचा पत्ता लागायला फार दिवस लागले नाहीत. कामशेतला गॅरेज असलेल्या पप्पूशेठचे वडील एसटीच्या वर्कशॉपात होते. त्यांनी फोटो पाहिला आणि लगेच सांगितलं, “ही धोंडिबा ओव्हाळची अक्षरं. सुदुंबऱ्याचाच हाय त्यो.”

दोघे एका शनिवारी सुदुंबऱ्याला गेले. गावाच्या अलीकडे दीड किलोमीटरवर ओढ्याला लागून तीस-चाळीस घरांची वस्ती होती. कमानीवर नाव होतं सिद्धार्थनगर. समर्थ या रस्त्याने कंपनीच्या बसमधून शेकडो वेळा गेला होता. कमान त्याने पाहिली होती, वाचली कधी नव्हती.

दार धोंडिबांच्या नातीने उघडलं. प्रतीक्षा तिचं नाव, चाकणच्या कंपनीत नोकरीला होती. तिने दोघांना पाणी दिलं आणि आजोबांना बाहेर बोलावलं. धोंडिबा शहात्तर वर्षांचे, अंगाने किरकोळ, अंगात पांढरा सदरा. बाईंनी मोठा करून आणलेला फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. मग फोटो उलटा करून मांडीवर ठेवला आणि हळूच विचारलं, “पेन्शनीला काय व्हनार न्हाई ना?”

समर्थला आधी कळेना. धोंडिबांना वाटलं होतं की हे दोघे एसटीच्या ऑफिसातून चौकशीला आलेत, पस्तीस वर्षांनी. प्रतीक्षाने आजोबांना समजावलं की हे सरकारी लोक नाहीत, यांना नुसत्या जुन्या गाड्या आवडतात. ते ऐकून धोंडिबा आणखीच बुचकळ्यात पडले. गाड्या आवडतात म्हणजे काय करतात, असं त्यांनी विचारलं. समर्थने वहीचं पान उघडून दाखवलं. त्यांनी दोन-चार नंबर वाचले आणि पहिल्यांदा हसले. मग ते सांगायला लागले.

ते विभागाच्या वर्कशॉपात पेंटर होते. रोज सायकलने तळेगाव, तिथून गाडीने पुढे. डेपोंमधून गंजलेल्या पाट्यांचे गठ्ठे यायचे. ते त्या घासायचे, पांढरा हात द्यायचे, दोऱ्याने रेघा आखून वर लाल अक्षरं लिहायचे आणि गठ्ठे परत जायचे. त्यांनी किती गावांची नावं लिहिली याला गणती नव्हती. त्यातली कित्येक गावं त्यांनी पाहिलीही नव्हती. फक्त आपली वस्ती कुठल्या पाटीवर नव्हती. वस्तीतल्या लोकांनी सिद्धार्थनगर नाव ठरवलं त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती, पण गावात सगळे ‘वढ्याखालची वस्ती’च म्हणायचे. एसटी वस्तीच्या दारावरून जायची आणि गावात जाऊन थांबायची. धोंडिबांच्या बायको विठाबाई तळेगावच्या बाजारात भाजी विकायच्या. संध्याकाळी गावात उतरून डोक्यावर भाजीची पाटी आणि काखेत पोर घेऊन दीड किलोमीटर मागे चालत यायच्या. वस्तीच्या सगळ्याच बायका यायच्या. थांबवा म्हणून कंडक्टरला रोज विनवायच्या. कंडक्टर म्हणायचा, पाटीवर नाही, मला थांबवता येत नाही.

“येक दिस तीच पाटी आली गठ्ठ्यात,” धोंडिबा म्हणाले. “तळेगाव, सुदुंबरे, मार्गे इंदोरी. इंदोरीच्या पुडं वीतभर जागा रिकामी. आदी बी लय येळा लिवली हुती ती पाटी, तवा कदी दिसली न्हाई जागा. त्या दिशी दिसली.”

कुणाची परवानगी घेतली नाही. कुणाला विचारलं नाही. बाकीच्या अक्षरांएवढ्याच मापात त्यांनी सिद्धार्थनगर लिहिलं. बाईंनी विचारलं की लहान अक्षरात लिहावं असं मनात नाही आलं का.

“आलं ना. पन बारीक लिवलं आस्तं तर चोरून लिवल्यावानी दिसलं आस्तं.”

पाटी गठ्ठ्यात घालून त्यांनी पाठवून दिली. चार दिवस त्यांना जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी ते घरी आले तर विठाबाई आधीच आलेल्या, चूल पेटलेली. विठाबाई म्हणाल्या, गाडी आज दारात थांबली. मिशीवाल्या मास्तरांनी, म्हणजे कंडक्टरने, स्वतःहून बेल मारली, खाली उतरून डोक्यावरची भाजीची पाटी काही उतरवून दिली नाही, पण थांबले तरी. धोंडिबांनी तेव्हा बायकोला खरं सांगितलं, आणि त्यानंतर आजतागायत दुसऱ्या कुणाला नाही. गाडी पुढे आठ-नऊ वर्षं, तो मार्ग बदलेपर्यंत, तिथे थांबत राहिली.

प्रतीक्षाने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती, तिथेच खाली बसली.

निघताना धोंडिबांनी समर्थचा हात धरला. इतकी वर्षं एक गोष्ट मनात आहे, म्हणाले. त्या मास्तरांना माझ्यापायी कुणाची बोलणी बसली असतील का? त्यांना तर काही ठाऊक नव्हतं, पाटीवर दिसलं म्हणून थांबवली असेल गाडी. कधी विचारायला गेलो नाही, कारण विचारणं म्हणजे आपणच सांगणं झालं असतं. नावही ठाऊक नाही. सगळे नुसतं मास्तर म्हणायचे.

समर्थने मग तेच काम हाती घेतलं. ग्रुपवर त्याने आधी बाईंची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि नंतर हकिकत लिहिली. बेचाळीस जण कामाला लागले. गाड्यांचे नंबर सगळ्यांना पाठ, पण कंडक्टरची नावं कुणाला आठवेनात, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटली. बँकेतले साहेब म्हणाले की ज्यांनी मला चालत्या गाडीत ओढून घेतलं त्यांचंही नाव मला माहीत नाही. तीन आठवड्यांनी कामशेतच्या वहिनींनी शोध लावला. सुदुंबऱ्याच्या संध्याकाळच्या फेरीवर त्या काळी महिपती गराडे असायचे. आता शिरगावात राहतात.

साईबाबांच्या देवळामागे त्यांचं घर होतं. सून देवळापाशी हार-फुलांचं दुकान चालवायची. समर्थने गाडी आणली, धोंडिबा इस्त्रीचे कपडे घालून पुढे बसले, मागे अनघाबाई आणि प्रतीक्षा.

महिपतीभाऊ ऐंशीचे. गुडघे गेलेले, पण मिशी शाबूत. ओसरीत खाटेवर बसले होते. फोटो बघून आधी ते गाडीबद्दलच बोलत सुटले. हिचं दार लागायचं नाही, सुतळीने बांधावं लागायचं, पण इंजिन असं की इंदोरीचा चढ बोलता बोलता काढायची. समर्थचा जीव वहीत होता, पण त्याने वही उघडली नाही.

धोंडिबा थोडं पुढे सरकले. “मास्तर, ही पाटी मी लिवली. मला कुनी सांगितलं नव्हतं.”

महिपतीभाऊंनी फोटोवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

“कुनी लिवली त्ये ठावं नव्हतं. पन कुनी सांगितलं नसनार, येवडं ठावं हुतं.”

मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. पाटी हातात आली तेव्हाच त्यांना कळलं होतं. मार्गाच्या कागदावर असा थांबा नाही, हे ज्याला रोज तिकिटं फाडायची त्याला कळणार नाही तर कुणाला. पहिले दोन दिवस त्यांनी पाटी लावलीच नाही, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवून दिली. काय करावं ते सुचेना.

“त्याच्या अगुदर सा वर्सं मी त्या बायांना न्हाई म्हनत हुतो,” ते म्हणाले. “रोज. पावसाचं बी, उनाचं बी. गाडी त्यांच्या दारावरनं न्यायची आन् खाली मान घालायची. कागदात न्हाई म्हनायचो, आन् खरंच नव्हतं. पन घरी जेवाया बसलो की डोळ्यापुडं यायच्या. मंग ही पाटी आली. म्हनलं, आता तर लिवलंय. आता मी न्हाई कसा म्हनू?”

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी चढवली आणि ओढ्यापाशी बेल मारली. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. ते म्हणाले, पाटी वाच. तिकीट ते सुदुंबऱ्याचंच फाडायचे, म्हणून कुठल्या कागदावर कधी काही आलं नाही. एकदा तपासनीस साहेब चढले. गाडी वस्तीपाशी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं की हा थांबा कधी झाला. महिपतीभाऊंनी दारातूनच त्यांना खाली उतरून समोरची पाटी वाचायला सांगितलं. साहेबांनी पाटी वाचली, उतरणाऱ्या बायका पाहिल्या, परत येऊन जागेवर बसले आणि सुदुंबरे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना म्हणाले, अक्षर छान आहे.

“बोलनी न्हाई बसली मंग?” धोंडिबांनी विचारलं.

“न्हाई ओ. उलट तवापासनं मला बरी झोप लागाया लागली.”

धोंडिबांनी चष्मा काढला. उपरण्याने तोंड पुसलं, मग चष्मा पुसला. महिपतीभाऊंच्या सुनेने पोहे आणले, धोंडिबांनी बशी हातात घेतली आणि ते तशीच धरून बसले. अनघाबाईंना वडिलांची आठवण झाली. ते असते तर त्यांनी या क्षणी कॅमेरा काढला नसता, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनीही काढला नाही.

थोड्या वेळाने महिपतीभाऊच बोलले. आठ-नऊ वर्षं मी तिथे बेल मारली, पण पाय कधी खाली ठेवला नाही. गाडी सोडून कसा उतरणार, असं स्वतःला सांगायचो. पण खरं सांगायचं तर सुट्टीच्या दिवशीही आलो नाही. बायका चहाला बोलवायच्या, मी हसून डबल बेल मारायचो. आमच्या घरातलं माणूस तिकडे चहाला जात नसे तेव्हा. एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली.

धोंडिबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. “मंग चला की आता.”

“गुडगे हायेत का माजे चालायजोगे.”

“पोरगा गाडी घिऊन आलाय. दारातच थांबल.”

त्या दिवशी काही जमलं नाही. सून म्हणाली डॉक्टरांनी आठवडाभर हलायचं नाही सांगितलंय. पण पुढच्या रविवारी सकाळी महिपतीभाऊंचा स्वतःचाच फोन आला, गाडी किती वाजता येणार म्हणून. समर्थ गेला तेव्हा ते टोपी घालून, काठी घेऊन अर्ध्या तासापासून दारात बसलेले होते. मांडीवर सुनेने बांधून दिलेली फुलांची पुडी होती. विहारात ठेवायला, म्हणाले.

सिद्धार्थनगरच्या कमानीपाशी गाडी थांबली. धोंडिबा पुढे झाले, दार उघडलं, हात दिला. महिपतीभाऊंनी आधी काठी टेकली, मग एक पाय, मग दुसरा. उभे राहून त्यांनी वस्तीकडे पाहिलं. मला वाटत होतं त्यापेक्षा मोठी आहे, म्हणाले.

विठाबाई अंगणात उभ्या होत्या. पदर डोक्यावर, डोळ्यांवर हाताची सावली धरून. त्यांनी मिशीवरून ओळखलं.

“मास्तर, लय रागीट हुता तुमी,” त्या म्हणाल्या. “माजी कोंबडी सीटखाली ठिवली म्हनून मागच्या दारात हुबं केलं हुतं मला.”

“तिनं येकाच्या धोतरावर घान केलती, मावशी.”

“कोंबडी हाये ती. तिला काय कळतंय.”

महिपतीभाऊ इतके हसले की त्यांना धरून खुर्चीवर बसवावं लागलं. चहा आला. त्यांनी बशीत ओतून प्यायला, सगळा, आणि आणखी मागितला. तोवर बातमी फिरली होती. त्या काळी काखेत असलेली पोरं आता चाळिशीची झाली होती, ती आली. ज्यांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या त्यांच्यातल्या चौघी उरल्या होत्या, त्याही आल्या. प्रत्येकीला काहीतरी सांगायचं होतं. एकीला त्यांनी सुट्टे नाहीत म्हणून उतरवलं होतं, तिने तेही सांगून घेतलं. समर्थने शेवटी न राहवून विचारलं की त्या गाडीच्या सीट हिरव्या होत्या की तपकिरी. चौघी एकदम बोलल्या आणि चौघींचे रंग वेगळे निघाले.

विहारात फुलं ठेवून झाल्यावर महिपतीभाऊंनी एक मागणं केलं. संध्याकाळच्या फेरीला कोण कोण इथे उतरायचं ते मला चेहऱ्याने आठवतं, म्हणाले, पण कुणाचं घर कुठलं ते दाखवा. धोंडिबांनी त्यांचा डावा हात आपल्या खांद्यावर घेतला. उजव्या हातात काठी होती. दोघे हळूहळू गल्लीने निघाले, मागे प्रतीक्षा खुर्ची घेऊन, त्यामागे बाई आणि समर्थ. गल्ली दोन मिनिटांची, पण प्रत्येक दारात खुर्ची ठेवली जायची, महिपतीभाऊ बसायचे, आणि आतून कुणीतरी कप घेऊन यायचं. ते एकदाही नको म्हणाले नाहीत. शेवटच्या घराशी पोचेस्तोवर दुपारचे चार वाजले होते. तिथेही चहा टाकलेला होताच.